ब्रह्मा कोंबडा बोस्टनचा, मग आपल्या गावरानचं नाव काय?

मंडळी, आज राजकारण नाही. आज कोंबडी. हसू नका, शेवटपर्यंत वाचा. विषय दिसतो तेवढा हलका नाही.

गेल्या काही वर्षांत आपल्या वाशिम, रिसोड, कारंजा भागातल्या पोरांच्या मोबाइलवर एक नवं वेड शिरलंय. आधी शंकरपटाच्या बैलजोड्यांचे व्हिडिओ असायचे, आता मधेमधे कोंबडे दिसतात. पांढऱ्या अंगाचा, मानेला काळी झालर, पायाच्या बोटांपर्यंत पिसं असलेला धिप्पाड ब्रह्मा. डोक्यावर पिसांचा गोंडा मिरवणारा पोलिश. कापूस पिंजून ठेवल्यासारखी सिल्की. काही पोरांनी घरामागं जाळी मारून जोड्या आणल्यात आणि पिल्लं विकून चार पैसेही कमावतायत. चांगलं आहे. पानटपरीवर बसण्यापेक्षा हे कधीही बरं.

पण मागं मालेगाव तालुक्यातला एक पोरगा मला म्हणाला, "काका, ब्रह्मा म्हणजे आपल्या ब्रह्मपुत्रेकडची जुनी जात. आपण आपला वारसा जपतोय." तिथं मी थांबलो. कारण वारसा हा शब्द आला की इतिहास बघावा लागतो, आणि ब्रह्माचा इतिहास भलताच मजेशीर आहे.

ब्रह्मा कोंबडा ब्रह्मपुत्रेच्या काठचा नाही. त्याचे पूर्वज चीनमधल्या शांघाय बंदरातून जहाजांवर अमेरिकेत गेले. १८४० च्या दशकात युरोप-अमेरिकेला अशा मोठ्या, पूर्वेकडच्या कोंबड्यांचं खूळ लागलं होतं. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीनं विंडसरच्या राजवाड्याच्या आवारात कोंबड्यांसाठी खास घर बांधून घेतलं. नोव्हेंबर १८४९ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन शहरात कोंबड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. चौदाशेच्या वर पक्षी मांडले होते आणि बघायला हजारोंची गर्दी लोटली. तिथून एकेका जोडीला न ऐकलेले भाव येऊ लागले.

या धंद्यात जॉर्ज बर्नहॅम नावाचा एक हुशार माणूस होता. त्यानं १८५२ मध्ये नऊ राखाडी कोंबड्या थेट व्हिक्टोरिया राणीला भेट पाठवल्या. केवढी जाहिरात! त्याच सुमारास या पक्ष्यांना 'ब्रह्मपुत्रा' हे नाव चिकटलं होतं. पूर्वेकडच्या दूरच्या नदीचं नाव लावलं की माल वजनदार वाटतो, एवढाच त्याचा आपल्याशी संबंध. पुढं ते आखडून 'ब्रह्मा' झालं. काही वर्षांत फुगा फुटला, भाव कोसळले, लोकांचे पैसे बुडाले. १८५५ मध्ये त्याच बर्नहॅमनं या सगळ्या खुळावर विनोदी पुस्तक लिहिलं आणि त्याला नाव दिलं 'कोंबडीतापाचा इतिहास'. आधी कोंबड्या विकून कमावलं, मग कोंबड्यांच्या खुळावर पुस्तक विकून. कोचीन जातीचीही तीच कथा. नाव वाचून केरळचं कोची आठवतं, पण ती कोंबडीही चीनकडूनच गेलेली.

आता तारखा जुळवून बघा. बोस्टन-लंडनकडं हे चालू होतं त्याच सुमाराला, १८५३ मध्ये, निजामानं आपला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. इंग्रजांनी इथं आल्यावर जमीन मोजली, कापूस मोजला. पुढं आपलं वाशिम स्वतंत्र जिल्हाही झालं, ते १९०५ मध्ये अकोल्यात विलीन होईपर्यंत. जमिनीची प्रत ठरली, कापसाची प्रत ठरली. घरामागच्या कोंबडीची प्रत ठरवावी असं मात्र कुणाला वाटलं नाही.

खरं तर भारताची कोंबडी जगात गेली होती, पण वेगळ्या वाटेनं. ती म्हणजे असील. नाव मूळ अरबी, म्हणजे अस्सल, शुद्ध. आपल्या मराठीतला 'अस्सल' त्याच घरातला. झुंजीसाठी पाळलेला, उंच मानेचा, घट्ट मांसाचा हा कोंबडा एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात पोचला. तिथल्या आणि मलायच्या कोंबड्यांशी संकर होऊन रुंद छातीची 'कॉर्निश' जात तयार झाली. तिचं जुनं नाव 'इंडियन गेम'. विसाव्या शतकात अमेरिकेत कॉर्निश आणि पांढरी प्लायमाउथ रॉक यांच्या संकरातून आजचा ब्रॉयलर उभा राहिला. म्हणजे चौकातल्या चिकन सेंटरवर टांगलेल्या ब्रॉयलरच्या छातीत आपल्या असीलचं रक्त आहे.

एवढंच नाही. २००८ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं, की कोंबडीच्या पिवळ्या कातडीचा, पिवळ्या पायांचा गुण आला तो करड्या रानकोंबड्याकडून. हा करडा रानकोंबडा आपल्या दख्खनचा. सह्याद्रीत आहे, इथून जवळ म्हणाल तर मेळघाटच्या जंगलात आहे. बाकीची बरीचशी कोंबडी तांबड्या रानकोंबड्याची, आग्नेय आशियाकडची. जगातली कोट्यवधी कोंबडी ज्या पिवळ्या पायांवर उभी आहेत, त्यात आपल्या डोंगरांचाही वाटा आहे.

मग प्रश्न येतो. असीलला नाव मिळालं, आपल्या घरामागच्या कोंबडीला का नाही?

याचं उत्तर वाशिमच्याच मातीत सापडतं. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. वात्स्यायनाच्या कामसूत्रात वत्सगुल्माचा उल्लेख येतो हे आपण अभिमानानं सांगतो. त्याच ग्रंथात चौसष्ट कलांची यादी आहे आणि त्यात एक कला आहे मेंढे, कोंबडे आणि लावे यांच्या झुंजी लावण्याची. पुढं बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं 'मानसोल्लास' लिहिला, त्यातही राजाच्या करमणुकींमध्ये कोंबड्यांची झुंज आहे. म्हणजे ग्रंथात कोंबडा आला तो पुरुषांच्या खेळापायी. झुंजणाऱ्याची जात पाहिली, रक्त राखलं, नाव ठेवलं. (आज प्राण्यांच्या झुंजी लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, तरी पूर्व विदर्भात कोंबड बाजारावर धाडी पडल्याच्या बातम्या येतच असतात.)

अंडी देणारी, पिल्लं फिरवणारी कोंबडी मात्र बाईच्या हातात राहिली. ती ग्रंथात आली नाही.

आपल्याकडची रीत आठवा. कोंबडी पाळणार बाई. संध्याकाळी डालग्याखाली झाकणार बाई. कोणती तलंग ठेवायची, कोणती विकायची हे ठरवणारही तीच. अंड्याचे पैसे तिचे, त्यात सहसा घरधनी हात घालत नाही. पोराची वही, औषधाची बाटली, एसटीचं तिकीट त्यातून निघतं. एखादीकडं कोंबडी नसली तर शेजारीण आपली कोंबडी अर्ध्या वाट्यानं देते. पिल्लं निघाली की निम्मी तुझी, निम्मी माझी. भूमिहीन घरात, अंध आदिवासींच्या वस्तीवर, बंजारा तांड्यावर, बौद्धवाड्यात, मुस्लिम मोहल्ल्यात हीच बँक चालत आली. ज्या घरांत कोंबडीचा विटाळ मानायचे, लिहिणं-वाचणं बरंचसं त्याच घरांत होतं. मग कोंबडीबद्दल लिहिणार कोण?

आणि ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्या बायांनी जे केलं त्याला आज विद्यापीठात 'निवड पैदास' म्हणतात. खुडूक होऊन एकवीस दिवस नेटानं बसणारी कोंबडी ठेवायची. घार दिसली की पिल्लं पंखाखाली घेणारी ठेवायची. अंडी फोडणारी, पिल्लं टाकून हिंडणारी कापायची. शेकडो वर्षं हे चाललं. त्यातून जी कोंबडी तयार झाली ती उकिरड्यावर पोट भरते, झाडावर झोपते, मुंगसाला हुलकावणी देते आणि वैशाखातही जगते. अंडी देते थोडी, वर्षाला साठ-सत्तरच्या आसपास. पण विकत घेतलेल्या खाद्याविना आणि उबवणी यंत्राविना.

सरकारच्या नजरेला मात्र ती कायम 'कमी उत्पादनाची' दिसली. आधी मिशनरी लोकांनी आणि नंतर सरकारी योजनांनी लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेड आणल्या. लेगहॉर्न इटलीच्या बंदरावरून नाव घेतलेली, पांढरी, वर्षाला अडीचशे-तीनशे अंडी देणारी. ऱ्होड आयलंड रेड अमेरिकेची, तांबडी. गावोगाव सुधारित नर वाटायचे, म्हणजे गावठी कोंबडीची पुढची पिढी सुधारेल, अशी कल्पना. पुढं १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, १९८२ मध्ये अंडी उत्पादकांची समन्वय समिती उभी राहिली आणि अंडं स्वस्त झालं. हे मोठं काम आहे, त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. गरिबाच्या ताटात अंडं आलं ते त्यामुळं.

नंतर परसातल्या पालनासाठी म्हणून बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं गिरीराज काढली, हैदराबादच्या केंद्रीय संस्थेनं वनराज आणि ग्रामप्रिया काढली. यांचाही फायदा झाला. पण दोन गोष्टी कुणी नीट सांगितल्या नाहीत. एक, या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, त्यामुळं पुढच्या खेपेला पिल्लं पुन्हा विकत आणावी लागतात. दोन, त्यांची घरी काढलेली पिल्लं आईबापासारखी निघत नाहीत. म्हणजे जी बँक बाईच्या हातात होती तिची किल्ली उबवणी केंद्राकडं गेली.

मग आलं कडकनाथ. मध्य प्रदेशातल्या झाबुआची काळी कोंबडी, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. खरी, गुणी जात. झाबुआच्या भिल्ल-भिलाला बायाबापड्यांनी राखलेली. पण आपल्याकडं ती आली योजना होऊन. पक्षी आम्ही देतो, अंडी आम्हीच घेतो, भाव अमुक, पैसे दुप्पट. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचा कडकनाथ घोटाळा बाहेर आला तेव्हा अनेक जिल्ह्यांतले शेतकरी रिकाम्या हातानं आणि भरल्या खुराड्यानं उभे होते. त्याआधी इमूचं तेच झालं होतं. बोस्टनचा कोंबडीताप १८५५ ला उतरला असं बर्नहॅम म्हणाला. आपल्याकडं तो दर दहा वर्षांनी चढतो.

या सगळ्यात गावरानवर दोन खरी संकटं आली, आणि दोन्ही रोगाची.

पहिलं जुनं, मानमोडी. सरकारी भाषेत राणीखेत, कारण १९२० च्या दशकाच्या अखेरीला हिमालयातल्या राणीखेत गावाकडं ती नोंदली गेली. एका आठवड्यात सगळं डालगं रिकामं होतं. लस आहे, स्वस्त आहे, आपल्याच देशात मुक्तेश्वरच्या संस्थेत काम होऊन तयार झालेली आहे. तरी पाच कोंबड्या पाळणाऱ्या बाईपर्यंत ती पोचत नाही. कारण लसीची कुपी असते शंभर मात्रांची. एकदा फोडली की तास-दोन तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी शंभरची कुपी कोण फोडणार?

दुसरं बर्ड फ्लू. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला उद्रेक आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला. फार्मवरच्या लाखो कोंबड्यांबरोबर आसपासच्या गावांतल्या घरच्या कोंबड्याही मारून पुरल्या. पुढच्या महिन्यात जळगाव जिल्ह्यात तेच झालं. साथ थांबवायला ते करावंच लागतं, यात वाद नाही. पण नवापूर हा 'बसरा' जातीचा मुलूख. देशातल्या नोंदणीकृत कोंबडी जातींच्या यादीत महाराष्ट्राचं नाव दिसतं ते गुजरातबरोबर वाटून घेतलेल्या याच बसरामुळं. नोंद असलेली जात निदान पुढं मोजता येते, पुन्हा उभी करता येते. २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्या कारंजा तालुक्यातल्या खेर्ड्यात फार्मवर हजारो कोंबड्या बर्ड फ्लूनं मेल्या. उद्या अशी साथ आपल्या गावागावांत पसरली तर नेमकं काय गेलं हे सांगणार कसं? वऱ्हाडातल्या गावरानचं नावच कुठं नाही.

सरकारी कागदावर तिला म्हणतात 'नॉन-डिस्क्रिप्ट'. वर्णन नसलेली. २०१९ च्या पशुगणनेत देशात परसातली कोंबडी ३१ कोटी ७० लाख निघाली, आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्के जास्त. आकडा ऐकून बरं वाटतं. पण त्यात गिरीराज किती, वनराज किती, भेसळ किती आणि जुनी गावरान किती, हे या एका आकड्यावरून कळत नाही.

आता त्या मालेगावच्या पोराकडं परत येतो. त्याला ब्रह्माच्या पायावरची पिसं आवडतात. मी त्याला म्हटलं, ही पिसं आणि हा दाट अंगरखा त्या पक्ष्याला बोस्टनच्या बर्फात उपयोगी. तुरा बारीक, म्हणजे थंडीनं गळत नाही. आपल्याकडं चव्वेचाळीस अंशांत तो धापा टाकतो. पावसाळ्यात आपली काळी माती त्या पिसांना अशी धरते, की पायात चिखलाचे बूट घातल्यासारखे होतात. उलट आपल्या कोंबड्याचा मोठा, उभा, लालभडक तुरा बघ. त्यातून रक्त फिरतं आणि अंगातली उष्णता बाहेर जाते. हौसेचीच कोंबडी पाहिजे तर आपल्या गावातही आहे की.

उलट्या पिसांची कोंबडी सगळ्यांना माहीत आहे. नाव काढलं की लोकांना करणी, भानामती, लिंबू-सुया आठवतात. भोंदू बाबांनी तिला पार बदनाम करून टाकलं आणि अमावस्येला तिचा जीव घेतला. विलायतेत हिलाच फ्रिझल म्हणतात आणि प्रदर्शनात बक्षीस देतात. दुसरी उघड्या मानेची, जिच्या मानेवर पिसंच नसतात आणि जिला लोक कुरूप म्हणून हसतात. या दोन्हींच्या अंगावर पिसांचं ओझं कमी, त्यामुळं त्यांना उष्णता कमी बाधते. मी म्हणतो म्हणून नाही. उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं उलट्या पिसांच्या कोंबडीपासून 'उपकारी' आणि उघड्या मानेच्या कोंबडीपासून 'हितकारी' अशा परसातल्या पालनासाठी जाती तयार केल्यात. आपण जिला लिंबाबरोबर चौरस्त्यावर टाकतो, तिच्यावर शास्त्रज्ञांनी संशोधन केलं.

मग करायचं काय?

वऱ्हाडात याआधी असं झालेलं आहे. आपल्या भागातली शेळी कित्येक वर्षं नुसती 'गावठी' होती. तिचा अभ्यास झाला, मोजमाप झालं, आणि आज ती 'बेरारी' या नावानं नोंदलेली जात आहे. अकोला-बुलडाण्याकडच्या म्हशीलाही 'पूर्णाथडी' म्हणून नाव मिळालं. हरियाणातल्या कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेकडं त्यासाठी रीतसर अर्ज करता येतो. कोणत्या भागात आहे, संख्या किती, रंग, तुरा, वजन, अंडी, किती पिढ्यांपासून पाळतात, हे गोळा करावं लागतं. अकोल्याचं कृषी विद्यापीठ जवळ आहे, रिसोड तालुक्यात करड्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, जिल्हा परिषदेचा पशुसंवर्धन विभाग आहे. कदाचित अभ्यासाअंती निघेल की आपल्या गावरानमध्ये एकसारखी अशी जात उरलेलीच नाही. तेही कळू द्या. पण न बघताच तिला वर्णन नाही म्हणायचं, हे बरोबर नाही.

माझ्या तीन मागण्या आहेत, त्यासाठी फार पैसा लागत नाही.

पहिली, ग्रामपंचायतीनं वर्षातून दोन-तीन ठरलेले दिवस 'कोंबडी लसीचे' म्हणून जाहीर करावेत. दवंडी द्या, ग्रुपवर टाका. संध्याकाळी कोंबड्या डालग्यात आल्या की गल्लीगल्लीनं एक कुपी फोडा. शंभर मात्रा आपोआप संपतील.

दुसरी, परसातल्या कोंबडीच्या योजनेत लाभार्थीला गावरान घेण्याचीही सोय असावी. गावातल्याच बाईकडून तलंगा विकत घ्या आणि वाटा. पैसा गावात राहील, किल्लीही बाईच्या हातात राहील.

तिसरी मागणी हौशी पोरांकडं. ब्रह्मा पाळा, सिल्की पाळा, विका, कमवा, कुणी अडवत नाही. पण जाळीत ठेवा. तो नर गावात मोकळा सोडू नका. दोन-तीन पिढ्यांत गावच्या कोंबड्यांचं खुडूकपण आणि चपळाई पातळ होईल, आणि ते परत आणायचं यंत्र कुठल्याच हॅचरीत नाही. आणि जाळीत एक जोडी उलट्या पिसांची, एक उघड्या मानेचीही ठेवा. त्यांचेही व्हिडिओ टाका. बघणारे बघतील.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. खरं आहे. पण कोंबडंच संपलं तर झाकायला तरी काय राहणार?

आता तुम्हाला एक काम. आपल्या आजीला, मायला, मावशीला विचारा, कोंबड्यांना त्या कोणकोणत्या नावानं ओळखतात. ठिपक्याची, राखी, तांबडी, शेंडीवाली, आखूड पायाची, प्रत्येक गावात वेगळं नाव असतं. नाव, गाव आणि जमल्यास फोटो खाली टाका. मी सगळं एका वहीत उतरवून पशुसंवर्धन विभागाला आणि विद्यापीठाला देणार आहे. कागदावर जिला वर्णन नाही, तिचं वर्णन आपल्या घरातल्या बायांना तोंडपाठ आहे. त्या आहेत तोवर लिहून घेऊ.